कणसे सरांची बिनपगारी रजा

कणसे सरांनी मला पहिल्यांदा हाक मारली ती माईकवरून. पलूसला बदली होऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. ऑफिसातल्या शिपाईमामांच्या पुतणीचं लग्न होतं म्हणून गेलो आणि मंगल कार्यालयाच्या दारात, चपला कुठे सोडाव्यात याचा विचार करत उभा राहिलो. तेवढ्यात चारी कर्ण्यांतून आवाज आला, "पाटबंधारे खात्याचे कर्तव्यदक्ष अधिकारी, सन्माननीय लोंढेसाहेब यांचं या शुभविवाहप्रसंगी आगमन झालेलं आहे. दोन्ही परिवारांच्या वतीनं त्यांचं हार्दिक, हार्दिक स्वागत!" मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मी खात्यात कनिष्ठ लिपिक होतो, आणि माझ्या कर्तव्यदक्षतेबद्दल तोपर्यंत घरच्यांनीही काही म्हटलेलं नव्हतं.

जेवणं उरकल्यावर मी त्यांना गाठलं. बुटके, गोल चेहऱ्याचे, डोक्याला फेटा, खिशाला दोन पेनं. म्हटलं, "सर, मी साधा क्लार्क आहे."

"ठावं हाय की. मामांनीच सांगितलं."

"मग अधिकारी कशाला म्हणालात?"

"आवं, क्लार्क म्हटलं असतं तर तुमी खाली मान घालून आत आला असता. साहेब म्हटल्यावर कसं ताठ आलासा! लग्नात माणसानं ताठ चालावं, फोटो बरं येत्यात."

मग कळलं की मी भाड्याने घेतलेल्या घराची डावीकडची भिंत त्यांचीच आहे. त्याला आता नऊ वर्षं झाली, आणि त्या एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही अजून राहतोय.

सातारा-सांगलीकडच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी तास-दीड तास पाहुण्यांची नावं पुकारतात. प्रत्येकाचं नाव, हुद्दा, गाव आणि हार्दिक स्वागत. नाव राहिलं तर माणूस जेवतो, पण पुढची दहा वर्षं ते बोलून दाखवतो. म्हणून निवेदक पक्का लागतो, आणि पलूसपासून विट्यापर्यंत आणि तिकडे कराडपर्यंत कणसे सरांसारखा पक्का माणूस नव्हता. हजारभर माणसांचे हुद्दे त्यांना तोंडपाठ होते. कोण सोसायटीचा संचालक आहे, कोण गेल्या निवडणुकीत पडल्यामुळे माजी झाला, कोणाचा पोरगा सैन्यात सुभेदार झाला, सगळं ताजं. ज्याला हुद्दा नाही त्याला ते देत. अर्धा एकर असेल तर प्रगतशील बागायतदार. तोही नसेल तर दिलदार व्यक्तिमत्त्व. आमच्या गल्लीतले एक म्हातारे होते, जमीन नाही, पद नाही, आणि दिलदार म्हणावं तर लोक हसले असते. सरांनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "आजवर जे कुणालाही उणं बोललेले नाहीत, असे..." पुढचे सहा महिने ते गृहस्थ कुणाशी भांडले नाहीत. त्यांच्या सुनेने सरांना घरी बोलावून शिरा खायला घातला.

एकदा मात्र चूक झाली. पंचायत समितीच्या एका माजी सभापतींचं नाव साध्या ग्रामपंचायत सदस्याच्या नंतर आलं. सभापती फेट्यासकट उठले आणि न जेवता गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सर मागून आणलेल्या मोटरसायकलवरून त्यांच्या गावी गेले, अंगणात उभे राहिले आणि माईक नसताना त्यांनी सगळं स्वागत पहिल्यापासून म्हटलं. सुना दारात, गडी गोठ्याच्या तोंडाशी, सभापती दात घासत उभे. स्वागत संपल्यावर ते चूळ भरून म्हणाले, "बस. च्या घे." एवढ्यावर मिटलं.

लग्नाचे पैसे सर कधी मागत नसत. लोक पाकीट देत, वर टॉवेल-टोपी, नारळ, फेटा. पाकिटात काय आहे ते घरी येईपर्यंत बघायचं नाही असा त्यांचा दंडक. मी एकदा म्हटलं, दर का ठरवत नाही? तर म्हणाले, "दर ठरवला तर मग ब्यांडवाल्यात आन् माझ्यात फरक काय ऱ्हायला? मी मास्तर हाय." आणि ते खरंच मास्तर होते. गावाबाहेरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात चौदा वर्षं मराठी शिकवत होते. महाविद्यालय विनाअनुदानित, म्हणजे पुस्तक सरकारी, परीक्षा सरकारी आणि पगाराचं ज्याचं त्याने बघायचं. संस्था मानधन म्हणून काहीतरी देई, तेही सचिवांना आठवलं तर. पण एक ना एक दिवस अनुदान येणार, सर कायम होणार आणि पुरा पगार सुरू होणार, असं त्या घरात सगळे धरून चालत. "फाईल मंत्रालयात हाय," सर सांगत. घरातली फरशी अनुदान आल्यावर बदलायची होती. स्कूटर अनुदान आल्यावर. सरांच्या पत्नी शोभावहिनी, त्यांची दाढ तर अनुदान आल्यावरच काढायची होती, तोपर्यंत त्या तिच्यावर लवंग ठेवत. त्यांना प्राजक्ता ही एकच मुलगी. तिला मात्र न थांबता मिरजेला नर्सिंगला घातलं होतं, लग्नांच्या पाकिटांवर.

टाळेबंदी लागली ती ऐन लग्नसराईत. सरांच्या भिंतीवर दिनदर्शिका होती, तिच्यावर तारखांभोवती लाल गोल. ते एकेक गोल निळ्या पेनाने खोडत गेले. महाविद्यालयाने मानधन थांबवलं आणि शिकवणं मोबाइलवर सुरू ठेवायला सांगितलं. सर गच्चीच्या जिन्यात बसून, जिथे रेंज यायची तिथे, बारावीला शिकवत. माझा पगार चालू होता. ऑफिसला आठवड्यातून दोनदा जायचं, आणि एक तारखेला मोबाइलवर बँकेचा मेसेज यायचा. तो वाजला की मी पटकन आवाज बंद करायचो. बँकेचा मेसेज भिंतीपलीकडे ओळखू येणार नव्हता हे मलाही कळत होतं, पण लाज वाटायची.

कणसे कुटुंबाने पहिले दोन महिने नारळ खाल्ले. लग्नांतून आलेले ऐंशीएक नारळ माळ्यावर होते. चटणी झाली, सोलकढी झाली, बर्फी झाली, नारळाच्या रसातली भाजी झाली. सर म्हणाले, "लोंढेसाहेब, आमी आता कोकणात बदलून गेलोय." नारळ संपल्यावर वहिनींनी फेट्यांचं कपाट उघडलं. गुलाबी, केशरी, डाळिंबी, जरीच्या काठाचे, शे-दीडशे फेटे. त्यांनी ते कापून मास्क शिवायला घेतले. कापड चांगलं, काठ आयता. वीस रुपयाला एक. महिन्याभरात निम्मं पलूस जरीचे मास्क लावून फिरायला लागलं. दवाखान्याबाहेरची तपासणीची रांग बघितली की वाटायचं, नवरदेव कुठे दिसत नाही. तलाठ्यांनी डाळिंबी मागून घेतला. सर प्रत्येक मास्ककडे बघून सांगत, "ह्यो देवराष्ट्र्याच्या लग्नातला. ह्यो कुंडलचा. तिथं मटकी खारट व्हती."

पुढे पंचवीस माणसांत लग्न करायला परवानगी मिळाली, आणि आमच्या भागावर खरं संकट आलं ते तेव्हा. पंचवीस कोण, हे कुणी ठरवायचं? नुसती भावकीच दोनशेची. शेजारच्या गावातले एक ऊसवाले पाटील सरांकडे अक्षरशः रडकुंडीला येऊन बसले. "सर, लगीन करतो म्हणतोय न्हवं, मी गावात दुश्मन करतोय." सरांनी विचार केला आणि म्हणाले, "आबा, पंचवीस माणसं बोलवा. बाकीच्यांची नावं मी घेतो."

लग्नाच्या दिवशी मोबाइलवर थेट दाखवायची सोय केली आणि सर दीड तास न आलेल्या लोकांची नावं पुकारत राहिले. एरवी "उपस्थित आहेत" म्हणत, तिथे आता म्हणाले, "आपल्या निवासस्थानी उपस्थित असलेले, दूध संस्थेचे माजी चेअरमन..." समोर पंचवीस माणसं आणि भटजी. गावात घराघरांत माणसं अंघोळ करून, कपडे घालून मोबाइलपुढे बसली होती, आपलं नाव कधी येतंय म्हणून. काहींनी घरात फेटा बांधला होता. एका आजोबांचं नाव आलं तेव्हा ते आपल्याच सोफ्यावरून उठून उभे राहिले आणि त्यांनी भिंतीला नमस्कार केला. कुणी रुसलं नाही. त्यानंतर सरांना अशी आठ-दहा लग्नं मिळाली. पाकीट मोबाइलवर यायला लागलं, त्यामुळे त्यातली रक्कम लगेच दिसायची आणि सरांचा दंडक मोडला. रक्कम फार नसायची. देणाऱ्यांचीही गत सरांसारखीच होती.

दुसऱ्या उन्हाळ्यात तेही बंद पडलं. लग्नं घाईने दोन तासांत उरकायला लागली आणि नावं घ्यायला कुणाकडे वेळ राहिला नाही. प्राजक्ताच्या कॉलेजचं पत्र आलं की फी भरल्याशिवाय परीक्षेचा अर्ज घेणार नाही. तेव्हा सरांनी एका जुन्या विद्यार्थ्याचा टेम्पो भाड्याने घेतला, पहाटे बाजारातून भाजी उचलली आणि लग्नातला माईक टेम्पोला जोडला.

भाजीवाले सगळीकडे असतात, पण असा भाजीवाला आमच्या कॉलनीने पाहिला नव्हता. टेम्पो वळणावर आला की आवाज यायचा, "आपल्या भेटीला येत आहेत प्राध्यापक सर्जेराव कणसे, ताजी भाजी घेऊन." आणि मग जो माणूस पिशवी घेऊन बाहेर येई त्याचं स्वागत. "जीवन विम्याचे यशस्वी सल्लागार, आदरणीय पवारसाहेब यांचं वांग्यांच्या ठिकाणी आगमन झालेलं आहे." लोक हसत, पण येत. चूक कुठे होत होती ते सरांच्या लक्षात आलं नाही. टाळेबंदीत माणसं लपून भाजी घेत होती. आधी किलोने घेणारे पाव किलोवर आले होते, आणि हे माईकवरून कुणाला नको होतं. आमच्या समोरचा नितीन पुण्यात मोठ्या हॉटेलात मॅनेजर होता. हॉटेल बंद पडलं, तो घरी आला आणि वडिलांना त्याने सांगितलं की घरूनच काम चालू आहे. दिवसभर लॅपटॉप उघडून बसायचा. बाहेर आला की सर म्हणत, "पुण्याच्या तारांकित हॉटेलचे व्यवस्थापक, नितीनराव!" तो पाव किलो बटाटे घेऊन लाल होऊन आत जायचा.

मी सरांना बाजूला घेतलं. "सर, त्याची नोकरी गेलीय."

"मला ठावं हाय."

"मग कशाला पुकारता?"

"त्याचा बाप दारात बसलेला असतोय न्हवं? रोज ऐकतोय. मी म्हणायचं बंद केलं तर म्हातारा इचारंल, आज मॅनेजर का म्हटलं न्हाईत म्हणून." मग म्हणाले, "फक्त बटाट्याचं वजन माईकवर सांगत न्हाई मी. तेवढं बघितलंय." नितीनच्या वडिलांना खरं काय ते कधी कळलं, की आधीपासून कळत होतं, हे मला अजून माहीत नाही.

एका सकाळी संस्थेचे सचिव मोटारीने कॉलनीत आले. ते सरांना एकांतात गाठायला आले होते, पण सरांच्या हातात माईक होता आणि सवय चौदा वर्षांची. मोटारीचं दार उघडायच्या आत सर सुरू झाले, "शिक्षणमहर्षी, गोरगरिबांच्या मुलांचे आधारवड, आमच्या संस्थेचे सन्माननीय सचिवसाहेब यांचं मेथीच्या ठिकाणी आगमन झालेलं आहे. त्यांचं हार्दिक, हार्दिक स्वागत!" सगळी कॉलनी खिडक्यांत आली. हे सगळे शब्द सरांनीच त्यांना वर्षानुवर्षं स्टेजवरून दिले होते. सचिवांनी खिडक्यांकडे बघून हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाले, "माईक बंद करा आधी."

सरांनी बंद केला.

"सर, संस्थेची इज्जत हाय. आमचा प्राध्यापक माईक लावून भाजी इकतोय, हे बरं दिसतंय का? उद्या अनुदानाच्या तपासणीला कोण आलं आन् तुमाला हितं बघितलं तर?"

"मग साहेब, मानधन?"

"ते अवघड हाय. पोरांची फीच आली न्हाई. तुमी असं करा, एक कायतरी ठरवा. मास्तर न्हाई तर भाजी. दोन दिवसांत कळवा." जाताना त्यांनी मेथीची एक जुडी घेतली. सरांनी पैसे घेतले नाहीत.

दोन दिवस टेम्पो आला नाही. भिंतीपलीकडून दोघांचे आवाज येत, शब्द कळत नसत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर कोरा कागद घेऊन माझ्याकडे आले. "लोंढेसाहेब, तुमी खात्याचं मराठी लिवता. माझं मराठी लग्नाचं. राजीनामा लिवून द्या."

मी म्हटलं, "सर, चौदा वर्षं."

"पोरीचा अर्ज सोमवारपतोर भरायचाय."

मी लिहायला घेतलं. घरगुती अडचणींमुळे मी माझ्या पदाचा स्वेच्छेने राजीनामा देत आहे. संस्थेबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. सरांनी वाचून विचारलं, "स्वेच्छेने काढता येत न्हाई का?"

"त्याशिवाय मंजूर होत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या." ते पेनाशी खेळत बसले आणि मग म्हणाले, "त्यापरीस बिनपगारी रजा मागितली तर?"

मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आधी ते हसले की मी, आठवत नाही. चौदा वर्षं बिनपगारी काम केलेला माणूस बिनपगारी रजा मागतोय! आवाज ऐकून शोभावहिनी आल्या, त्यांना सांगितलं, तर त्याही गालावर हात ठेवून हसल्या. माझी बायको चहा घेऊन आली तीही हसायला लागली. टाळेबंदी लागल्यापासून आम्ही एवढे हसलो नव्हतो. हसून झाल्यावर सरांनी डोळे पुसले आणि राजीनाम्यावर सही केली.

मी अठरा वर्षं लिपिक आहे. बिनपगारी रजेचे शेकड्याने अर्ज माझ्या हातून वर गेले आहेत. मुतखड्याचे, बाळंतपणाचे, एक तर घर बांधायचा. रजा बिनपगारी असली तरी पद माणसाच्या नावावर राहतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. ते त्या संध्याकाळी मला सुचलं नाही, कारण मी हसत होतो. निदान मी स्वतःला तसं सांगतो.

दुसऱ्या दिवशी टेम्पो परत आला. "आपल्या भेटीला येत आहे ताजी भाजी," एवढंच सर म्हणाले. बाकीच्यांचे हुद्दे तसेच होते, फक्त स्वतःचं नाव त्यांनी काढून टाकलं. प्राजक्ताची फी भरली गेली. ती परीक्षा पास झाली आणि आता मिरजेतच एका दवाखान्यात नोकरी करते.

पुढच्या वर्षी अनुदान आलं. यादीत सरांचं महाविद्यालय होतं, मराठीचं पद होतं, आणि त्या पदावर जत भागातला वाघमोडे नावाचा तरुण मुलगा होता. मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला पदवीधर. त्याच्यावर राग धरावा असं त्याच्यात काही नव्हतं. मला मात्र सरांपुढे जायचं धैर्य होईना. आठवड्याने गेलो आणि बोलून टाकलं, "सर, तो रजेचा अर्ज... तो चालला असता. मला माहीत होतं. माझ्यामुळे गेलं तुमचं."

सर वांगी निवडत होते. "मला बी कळलं मागनं. नियम वाचला मी."

"मग बोलला नाहीत कधी?"

"काय बोलायचं? तुमी बी हसला, मी बी हसलो. शोभी तर लय हसली. त्या साली दुसऱ्या कुठल्या घरात एवढं हसू व्हतं, सांगा बरं." आणि त्यांनी माझ्या पिशवीत न मागता दोन लिंबं टाकली. मी घरी येऊन बराच वेळ ती हातात घेऊन बसलो होतो.

लग्नं आता पहिल्यासारखी होतात, हजार-हजार माणसांची. निवेदकही नवे आले आहेत, आधी दर ठरवून येतात. सरांना अधूनमधून कुणी जुना माणूस बोलावतो. बाकी टेम्पो आहे, आणि वहिनी हल्ली बरोबर असतात, वजनाला.

परवा एक तारीख होऊन चार दिवस झाले होते. मी भाजीला उभा होतो. कॉलनीतली आणखी तीन-चार माणसं होती. वाघमोडे आला, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. टेम्पोपाशी येऊन तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सर, पहिला पुरा पगार झाला. म्हटलं आधी तुमाला..." त्याने पुडा पुढे केला. भाजी निवडणारे सगळे हात थांबले.

सरांनी पुडा उघडला, एक पेढा घेतला, त्याचा अर्धा मोडून वहिनींना दिला आणि अर्धा तोंडात टाकला. "ग्वाड हाय," ते म्हणाले. "बारावीचा तास कितीला असतोय आता?"

"साडेदहाला."

"मग हितं काय करतोयस? जा. पोरं वाट बघत असत्यात. मागच्या बाकावरची दुसऱ्या मिनटाला गप्पा मारत्यात, त्यांच्याकडं बघत सुरू करायचं. तोंड फळ्याकडं करून सुरू करायचं न्हाई."

"व्हय सर."

"आन् मेथी न्हे. पंधराला जुडी." वाघमोडेने पैसे पुढे केले. सरांनी ते मोजून घेतले, खिशात टाकले आणि म्हणाले, "पगार झालाय न्हवं."

तो पोरगा मेथी घेऊन जवळजवळ पळतच गेला. सरांनी पुडा आम्हा सगळ्यांपुढे फिरवला, मग टेम्पोत चढून माईक हातात घेतला आणि गाडी पुढच्या गल्लीकडे वळवली. वहिनी मागे, कांद्याच्या पोत्याला टेकून बसल्या होत्या. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी बघत होतो. वहिनींच्या हातातला अर्धा पेढा तसाच होता.